पडद्यावरचा आकडा कशाचा?

वाचकांचे प्रश्न : घरी आणि शाळेत करण्याजोगे इलेक्ट्रॉनिक्स

मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या संगणक-चिपला, प्रकाश ओळखणारा सेन्सर जोडायचा आणि त्याचे वाचन छोट्या पडद्यावर दाखवायचे, हा नवशिक्यांचा बहुधा पहिलाच प्रकल्प असतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे नेमकी त्याच प्रकल्पाबद्दल आहेत, म्हणून इतर प्रश्न बाजूला ठेवून हा एकच विषय घेतला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत नववीचा वर्ग तळमजल्यावर भरतो. खिडकीजवळच्या बाकांवर लख्ख उजेड असतो, तर भिंतीकडच्या ओळीत भर दुपारीही वहीतले अक्षर लावून वाचावे लागते. प्रत्येक बाकावर किती प्रकाश पडतो ते मुलांनी मोजावे आणि त्याचा तक्ता मुख्याध्यापकांना द्यावा, असे आम्ही ठरवले. आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर असलेला बोर्ड, एलडीआर हा प्रकाशाचा सेन्सर, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा आणि तारा खोचून जोडण्याचा ब्रेडबोर्ड आणला. एक चित्रफीत पाहून सगळी जोडणी केली, प्रोग्रामही तसाच उतरवून घेतला. परंतु पडद्याच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात. मी विज्ञान शिकवते, पण इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले नाही. कोठून सुरुवात करावी? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : जोडलेल्या सगळ्या तारा काढून टाका आणि फक्त बोर्ड टेबलावर ठेवा, ही पहिली सूचना. ती ऐकून मुलांचा विरस होईल याची मला कल्पना आहे. पण सगळे भाग एकदम जोडले म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे सांगायला कोणालाच जागा उरत नाही. बोर्ड, सेन्सर आणि पडदा हे तीन भाग एकेकटे चालवून पाहायचे आणि मगच एकत्र आणायचे, हा क्रम सोडू नका.

केवळ बोर्ड संगणकाला जोडून त्यावरचा १३ क्रमांकाच्या पिनचा छोटा दिवा उघडझाप करणारा, सोबतच्या नमुन्यांतला सर्वांत सोपा प्रोग्राम त्यात भरा. दिवा दर सेकंदाला लागू-विझू लागला, तर बोर्ड, केबल आणि संगणक यांचे एकमेकांशी जमले आहे असे समजा. बोर्डावरचा वीजदर्शक दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही, अशी तक्रार असेल तर आधी केबल बदला. मोबाइल चार्ज करण्यापुरत्या मिळणाऱ्या कित्येक केबलींमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा नसतातच, आणि या एका कारणापायी माझ्या स्वतःच्या दोन संध्याकाळी गेलेल्या आहेत. बोर्डाचे आराखडे खुले असल्यामुळे बाजारात निरनिराळ्या उत्पादकांचे बोर्ड मिळतात. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच ३४० नावाची चिप असते आणि जुन्या संगणकावर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो.

आता सेन्सर घ्या. पडदा अजून डब्यातच राहू द्या. एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार बदलणारा रोधक. साधारण ५ मिलिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर नागमोडी रेषा दिसते. आत कॅडमियम सल्फाइडचा थर असतो आणि त्यावर प्रकाश पडला की त्याचा रोध कमी होतो. मायक्रोकंट्रोलरला मात्र रोध मोजता येत नाही. त्याच्या ए ० ते ए ५ या सहा पिनांवर जे विभवांतर येईल तेच त्याला कळते, आणि ० ते ५ व्होल्ट या पल्ल्याचे १०२४ भाग करून तो ० ते १०२३ यांपैकी एक आकडा आपल्याला देतो. म्हणून रोधातला बदल विभवांतरातल्या बदलात रूपांतरित करावा लागतो. एलडीआरचा एक पाय ५ व्होल्टच्या पिनला जोडा, दुसरा ए ० ला जोडा, आणि त्याच ए ० पासून ग्राउंडपर्यंत एक साधा रोधक लावा. दोन रोध एकसर जोडणीत आले की एकूण विभवांतर त्यांच्या रोधांच्या प्रमाणात वाटले जाते, हे नववीची मुले ओहमच्या नियमाबरोबर शिकतातच. तो धडा येथे टेबलावर उभा राहतो. प्रकाश वाढला, एलडीआरचा रोध घटला, त्याच्या वाट्याचे विभवांतर कमी झाले आणि खालच्या रोधकाचे वाढले, म्हणून आकडाही वाढला, अशी ही साखळी मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. त्याआधी पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

हा खालचा रोधक किती ओहमचा असावा, याचा विचार बहुतेक ठिकाणी केलाच जात नाही. जवळपास सगळीकडे १० किलोओहम, म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा रोधक सांगितलेला असतो. तो चूक नाही, पण तुमच्या कामाला तो फारसा योग्यही नाही. कारण असे की, ५५२८ या क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या एलडीआरचा रोध १० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाशात साधारण १० ते २० किलोओहम असतो आणि प्रकाश दहापट झाला की रोध सुमारे पाचपट घटतो. मध्यम म्हणून १५ किलोओहम धरले, तर १०० लक्सला रोध ३ किलोओहम आणि १००० लक्सला ६०० ओहम येतो. दिवसा वर्गातल्या बाकांवरचा प्रकाश बहुतांशी याच दोन टोकांच्या मध्ये असणार. आता १० किलोओहमचा रोधक लावून गणित करून पाहा : १०० लक्सला आकडा सुमारे ७८८ येईल आणि १००० लक्सला ९६६, म्हणजे दहापट प्रकाशासाठी अवघ्या १७८ घरांचा फरक. त्याऐवजी १ किलोओहमचा, म्हणजे तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा रोधक लावला, तर तेच आकडे २५६ आणि ६४० होतात आणि फरक दुपटीहून अधिक, ३८४ घरांचा मिळतो. दोन टोकांना एलडीआरचे जे रोध असतील त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की सर्वांत योग्य रोधक मिळतो. तुमच्या बाबतीत तो सुमारे १३४० ओहम येतो. त्याच्या जवळपासचा कोणताही रोधक चालेल. वर्गातला उजेड मोजायचा की चांदण्या रात्रीचा, हे आधी ठरवल्याशिवाय रोधक निवडताच येत नाही, ही गोष्ट मुलांना एकदा स्वतः हिशेब केल्यावर कायमची कळते.

आकडे संगणकाच्या पडद्यावर सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, पाहा. एलडीआरवर बोट ठेवले की आकडा खाली गेला पाहिजे, बोट उचलले की वर आला पाहिजे. तो उलट चालला तर एलडीआर आणि रोधक यांच्या जागा बदलल्या आहेत. तो हलतच नसेल, किंवा बोर्डाला हात लावल्यावर वाटेल तसा धावत असेल, तर ए ० ची तार ब्रेडबोर्डाच्या भलत्याच रांगेत बसली आहे. ब्रेडबोर्डावर मधल्या भागातली पाच-पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात आणि मधली खाच दोन्ही बाजूंना वेगळे करते, एवढे लक्षात ठेवले तर अशा चुका कमी होतात.

शेवटी पडदा. पाठीमागे छोटी जोडपट्टी असलेला पडदा तुम्ही आणला असावा असे मी धरतो, कारण हल्ली शिकाऊ संचांत बहुधा तोच मिळतो. त्याला चार तारा लागतात : ग्राउंड, ५ व्होल्ट, एसडीए म्हणजे उनोवर ए ४, आणि एससीएल म्हणजे ए ५. वरच्या ओळीतले काळे चौकोन हे एका अर्थी शुभचिन्ह आहे. पडद्याला वीज मिळते आहे आणि अक्षरांचा गडदपणाही पुरेसा आहे, पण मायक्रोकंट्रोलरची एकही आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. एसडीए आणि एससीएल यांची अदलाबदल झाली असेल, नाही तर प्रोग्राममध्ये लिहिलेला पडद्याचा पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, चुकला असेल. मागच्या पट्टीवर पीसीएफ ८५७४ ही चिप असेल तर पत्ता बहुधा हेक्साडेसिमल (म्हणजे सोळाच्या पायाच्या पद्धतीने लिहिलेला) २७ असतो, आणि तिच्या नावापुढे ए हे अक्षर असेल तर ३एफ. तर्क करत बसू नका. एसडीए आणि एससीएल या दोन तारांवरून बोलण्याच्या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. अशा जोडलेल्या उपकरणांचे पत्ते शोधून देणारा आय-टू-सी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्राम सर्वत्र मिळतो, तो चालवा. पत्ता बरोबर असूनही अक्षरे उमटली नाहीत, तर लायब्ररी, म्हणजे पडदा चालवणाऱ्या तयार आज्ञांचा संच, तपासा. याच पडद्यासाठी एकाच नावाच्या अनेक लायब्ररी आहेत आणि त्यांत पडदा सुरू करण्याची आज्ञा वेगवेगळी आहे. चौकोनही नाहीत, अक्षरेही नाहीत, नुसता निळा किंवा पिवळा उजेड आहे, अशी स्थिती असेल तर मागच्या निळ्या डबीतला पितळी स्क्रू बारीक पेचकसाने हळूहळू फिरवा.

पडद्यावर आधी शाळेचे नाव उमटवून पाहा. ते आले, की मग सेन्सर आणि पडदा एका प्रोग्राममध्ये आणा. हा क्रम पाळणारा वर्ग एका दुपारी येथवर पोहोचतो.

प्रश्न : आमचे यंत्र चालते, पण खोलीतला दिवा बंद केला की आकडा कमी होण्याऐवजी भलताच वाढतो. प्रकाशात १०१२ असतो आणि अंधार केल्यावर ९८७२ दिसतो. सेन्सर बिघडला आहे का? — दहावीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : सेन्सर उत्तम आहे. उनोकडून १०२३ पेक्षा मोठे वाचन येऊच शकत नाही, तेव्हा ९८७२ हा आकडा मोजलेला नसून पडद्यावर तयार झालेला आहे, हे प्रथम ओळखायला हवे. पडदा आपण होऊन काहीही पुसत नाही. १०१२ लिहिल्यावर चार घरे भरली. नंतर ९८७ लिहिले तेव्हा पहिली तीनच घरे बदलली आणि चौथ्या घरात जुना २ तसाच राहिला. फळ्यावर आधीचे न पुसता वरून नवे लिहावे, तसा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून दर वेळी संपूर्ण पडदा पुसण्याची आज्ञा दिली जाते, पण त्यामुळे अक्षरे लुकलुकत राहतात आणि डोळ्यांना त्रास होतो. त्यापेक्षा आकडा लिहून झाल्यावर लगेच तीन-चार रिकाम्या जागा लिहा. जुना अंक आपोआप झाकला जातो. वाचनही सेकंदातून दोन-तीन वेळाच दाखवा. त्याहून वेगाने बदलणारे अंक माणसाला वाचता येत नाहीत.

प्रश्न : उन्हात वाचन स्थिर असते, पण रात्री ट्यूबलाइटखाली ते सतत वर-खाली होते. सरासरी घ्यावी असे वाचले, म्हणून २०० वाचनांची बेरीज करून तिला २०० ने भागले, तर पडद्यावर उणे २७ आले. प्रकाश उणे कसा असेल? — एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही मोलाचे आहेत.

पहिला प्रश्न दिव्याचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात विद्युतधारा दोनदा शिखराला पोहोचते, त्यामुळे जुन्या तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होते. स्वस्त एलईडी दिव्यांतही हे पुष्कळदा आढळते. डोळ्यांना ते जाणवत नाही. एलडीआर तसा संथ असतो, त्यामुळे या चढउताराचा बराचसा भाग तो दडपतो. पण उरलेला भाग वाचनात दिसतोच. मायक्रोकंट्रोलर एक वाचन सुमारे एक दशसहस्रांश सेकंदात उरकतो, आणि ते कधी शिखरावर पडते तर कधी उतारावर. म्हणून सरासरी घेण्याचा आपला विचार योग्यच आहे. मात्र सरासरीचा काळ १० मिलिसेकंदांच्या पटीत असावा. आपली २०० वाचने होतात तोपर्यंत साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे दिव्याची दोन पूर्ण आवर्तने उलटतात. वाचने मोजण्यापेक्षा घड्याळ पाहून बरोबर १०० मिलिसेकंद वाचने घेत राहिलात, तर आकडा आणखी स्थिर होईल.

दुसरा प्रश्न उणे प्रकाशाचा. उनोवर साध्या पूर्णांकासाठी फक्त १६ बिट जागा असते आणि तीत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आपले प्रत्येक वाचन ३०० च्या आसपास असावे, असे मी उत्तरावरूनच सांगू शकतो. त्यांची बेरीज ६०,००० होते. ती त्या जागेत न मावल्यामुळे तीतून ६५,५३६ वजा होऊन उणे ५,५३६ उरतात, आणि त्यांना २०० ने भागले की उणे २७. बँकेच्या जुन्या खातेवहीत रकमेच्या रकान्यात जेवढे अंक बसतील तेवढीच रक्कम लिहिता यायची, तसेच येथे आहे. बेरीज ठेवण्याचा चल लाँग या प्रकाराचा करा, म्हणजे ३२ बिट जागा मिळेल आणि प्रश्न सुटेल. चुकीचे उत्तर इतके स्पष्टपणे चुकीचे आले हे बरेच झाले. वाचने ४०० च्या आसपास असती, तर याच चुकीतून ७२ असा अगदी साळसूद आकडा आला असता आणि आपण तो खरा मानला असता.

प्रश्न : ० ते १०२३ या आकड्याचे लक्समध्ये रूपांतर करण्याचे सूत्र द्यावे. प्रदर्शनात परीक्षक विचारतात की हा आकडा कशाचा आहे, आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. — विज्ञान मंडळाचे विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : परीक्षकांनी विचारले ते अगदी योग्य विचारले. तुमच्या पडद्यावरचा आकडा प्रकाशाचा नाही. तो ए ० पिनवरच्या विभवांतराचा आहे, आणि प्रकाशाशी त्याचे नाते सरळ रेषेचे नाही. आकडा दुप्पट झाला म्हणून उजेड दुप्पट झाला, असे म्हणता येत नाही. शिवाय एकाच पाकिटातल्या दोन एलडीआरमध्ये एकाच उजेडात दीडपट-दुप्पट फरक असू शकतो, त्यामुळे कोणाचेही आयते सूत्र तुमच्या यंत्राला लागू पडणार नाही. असे सूत्र मी येथे दिले तर पडद्यावर लक्स हा शब्द दिसेल आणि समजूत चुकीची होईल, म्हणून ते देत नाही. तुमच्या एलडीआरचे सूत्र तुम्हीच काढा. त्यासाठीचा प्रयोग मात्र सांगतो.

रात्री एखादी खोली पूर्ण अंधारी करा, भिंतींवरून प्रकाश परतू नये म्हणून आजूबाजूला काळे कापड लावा आणि बिनशेडचा एक दिवा स्थिर बसवा. एलडीआर दिव्याकडे तोंड करून आधी ५० सेंटिमीटरवर, नंतर १ मीटरवर आणि मग २ मीटरवर ठेवा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा होतो, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे या तीन जागांवरचे प्रकाश १६, ४ आणि १ या प्रमाणात असणार, आणि हे कळायला कोणताही महागडा मापक लागत नाही. प्रत्येक जागी पडद्यावरच्या आकड्यावरून एलडीआरचा रोध काढा. १०२४ मधून आकडा वजा करून त्याला आकड्याने भागा आणि खालच्या रोधकाच्या मूल्याने गुणा, की रोध आला. यात पुरवठ्याचे ५ व्होल्ट कोठेही येत नाहीत, हे पाहा. संगणकाकडून येणारी वीज प्रत्यक्षात ४.८ व्होल्ट असली, तरी एलडीआर व रोधक यांची एकसर जोडणी आणि मोजमाप दोन्ही तिच्यावरच चालत असल्यामुळे गुणोत्तर तेच राहते. आता दोन्ही अक्षांवर लॉग श्रेणी असलेल्या आलेख-कागदावर प्रकाश आणि रोध मांडा. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेचा उतार हा तुमच्या एलडीआरचा खास गुणधर्म असतो. साधारणपणे तो उणे ०.६ ते उणे ०.८ यांच्या दरम्यान येतो. यावरून अमुक बाकावर तमुक बाकाच्या तिप्पट उजेड आहे, असे ठामपणे सांगता येईल, आणि प्रदर्शनातल्या प्रकल्पाला तेवढेही भरपूर आहे. वाचनापूर्वी एलडीआर काही मिनिटे नेहमीच्या उजेडात राहू द्यावा, कारण तो नुकताच अंधारात होता की उन्हात, याचा परिणाम त्याच्या रोधावर काही वेळ टिकतो.

लक्सच हवे असतील तर बीएच १७५० हा सेन्सर आणा. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो छोट्या पट्टीवर बसवलेला मिळतो. तो स्वतःच मोजमाप करून संख्या पाठवतो आणि तिला १.२ ने भागले की लक्स मिळतात. पडदा ज्या ए ४ आणि ए ५ पिनांवर आहे, त्याच दोन पिनांवर हाही बसतो, कारण याचा पत्ता हेक्साडेसिमल २३ आणि पडद्याचा २७ असल्यामुळे दोघांचा गोंधळ होत नाही. नेहमीच्या मांडणीत तो सुमारे ५४,६०० लक्सपर्यंतच मोजतो. भर दुपारचे थेट ऊन लाखाच्या घरात जाते, त्यामुळे उन्हात त्याचा आकडा एका जागी अडकला तर आश्चर्य मानू नका. हा सेन्सर काही दिवसांपुरता मिळाला तरी तो एलडीआरशेजारी ठेवून वरचा आलेख खऱ्या लक्समध्ये बसवून घेता येईल.

साताऱ्याच्या शिक्षिकांनाही येथेच सांगतो : वाचन घेताना सेन्सर बाकावर आडवा, तोंड वर करून ठेवा आणि मुलांना दोन पावले मागे उभे राहायला सांगा. वाचन घेणाऱ्याची सावली सेन्सरवर पडणे, ही वर्गातल्या मोजणीतली सर्वांत मोठी चूक असते. वाचन-लेखनासाठी वर्गात साधारण ३०० लक्स प्रकाश असावा, अशी अपेक्षा धरली जाते. तुमच्या तक्त्यात ही रेघ आखून ठेवा. तुटलेला एलडीआर कोणी नखाने खरवडू नये, कारण कॅडमियम विषारी आहे. युरोपात विद्युत उपकरणांमधील त्याच्या वापरावर २००६ पासून निर्बंध आहेत, ते याच कारणासाठी.

प्रश्न : पडद्यावर मराठी अक्षरे आणि मराठी अंक दाखवता येतील का? आजोबांसाठी यंत्र करायचे आहे आणि त्यांना इंग्रजी अंक वाचता येत नाहीत. यंत्र बॅटरीवर चालावे अशीही इच्छा आहे. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : अंक दाखवता येतील, आणि ते कसे जमते हे सांगताना मला आनंद होतो. या पडद्यांची रचना हिताचीच्या एचडी ४४७८० या नियंत्रकावर बेतलेली आहे. त्याच्या कायमच्या स्मृतीत रोमन अक्षरे असतात, पुष्कळ पडद्यांत जपानी काताकाना लिपीही असते, पण देवनागरी नसते. आपण स्वतः काढलेल्या चिन्हांसाठी मात्र आठ जागा रिकाम्या ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येक चिन्ह ५ आडव्या आणि ८ उभ्या ठिपक्यांत बसवायचे असते. मराठी अंक दहा आणि जागा आठ, म्हणजे जमणार नाही असे प्रथम वाटते. पण शून्य दोन्हींकडे जवळपास सारखेच आहे, आणि पडद्यातला मूळचा ३ आपल्या ३ इतका जवळचा आहे की आजोबांना तो सहज ओळखता येईल. राहिले १, २, ४, ५, ६, ७, ८ आणि ९, म्हणजे नेमके आठ. चौकटीच्या कागदावर पाच बाय आठची घरे आखा आणि पेन्सिलीने भरून पाहा. ५ आणि ६ यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. ५ ची शेपटी उजव्या खालच्या कोपऱ्यात नेली नाही तर तो ४ सारखा भासतो.

अक्षरांचे मात्र तितके समाधानकारक होत नाही. आठही जागा अंकांनी व्यापलेल्या असतात, आणि त्या मोकळ्या ठेवल्या तरी पडद्यावरच्या प्रत्येक दोन घरांमध्ये फट असल्यामुळे शिरोरेषा तुटते. प्रकाश हा शब्द चार घरांत बसतो, पण चार तुकड्यांत दिसतो. अक्षरे चांगली हवी असतील तर १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी पडदा घ्या आणि शब्द चित्र म्हणून काढा. त्याच्या एका पूर्ण चित्राला १०२४ बाइट लागतात आणि उनोची एकूण कार्यस्मृती २०४८ बाइटची असते, म्हणजे निम्मी जागा चित्रातच जाते. म्हणून शब्दांची चित्रे कार्यस्मृतीत न ठेवता प्रोग्रामच्या ३२ किलोबाइट स्मृतीत ठेवा.

बॅटरीसाठी ९ व्होल्टचा चौकोनी सेल वापरू नका, जरी तो सगळीकडे दाखवलेला असला तरी. त्याची क्षमता मुळात थोडी असते, आणि वरचे ४ व्होल्ट बोर्डावरच्या, विभवांतर ५ व्होल्टवर आणणाऱ्या रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन वाया जातात, त्यामुळे पडद्याच्या मागच्या दिव्यासह तो काही तासांतच संपतो. मोबाइलची पॉवर बँक यूएसबीतून जोडणे सर्वांत सोयीचे आहे. काही पॉवर बँका इतकी थोडी धारा पाहून आपण होऊन बंद पडतात. तुमची तशी निघाली तर दुसरी वापरून पाहा, बोर्डात दोष शोधत बसू नका. आजोबांना दिवसातून दोन-चार वेळाच पाहायचे असेल, तर एक बटण लावा आणि ते दाबल्यावर पडद्यामागचा दिवा दहा सेकंद लागेल अशी सोय प्रोग्राममध्ये करा.